नववीच्या वर्गात मेंदूची माहिती नक्की कुठे उपयोगी पडते?

खडूची_धूळ

मी सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आठवी ते दहावी, एकोणीस वर्षं झाली. मागच्या आठवड्यात नववीच्या घटक चाचणीचे पेपर वाटताना नेहमीप्रमाणे नाव आणि गुण मोठ्याने वाचत होते. एका मुलाला 20 पैकी 4. मी आकडा वाचला, मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. त्याने पेपर माझ्यासमोर फाडला, दप्तर उचललं आणि वर्गाबाहेर निघून गेला.

हा मुलगा उद्धट नाही. प्रयोग झाला की न सांगता मागे थांबून परीक्षानळ्या धुऊन ठेवणारा आहे. मुख्याध्यापक म्हणाले, पालकांना बोलवा. मी दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत किशोरवयातल्या मेंदूबद्दल मिळेल ते वाचून काढलं. नववीला मेंदूचा भाग मीच शिकवते. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, चेतापेशीची आकृती काढून नावं द्या. पण समोर बसलेल्या साठ जणांचा मेंदू आत्ता, या वर्षी, घडतो आहे हे मी त्यांना एकदाही सांगितलेलं नाही.

मला समजलं ते असं. सहाव्या वर्षापर्यंत मेंदू आकाराने जवळजवळ मोठ्या माणसाएवढा होतो, त्यामुळे काम उरकलं असं वाटतं. पण वयात येताना आत मोठी उलथापालथ होते. चेतापेशींमधल्या ज्या जोडण्या वापरात नाहीत त्या छाटल्या जातात, ज्या वापरात आहेत त्यांच्या तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं आवरण चढतं आणि निरोप वेगाने जाऊ लागतो. हे काम साधारण मागच्या भागाकडून पुढे सरकतं. स्वतःला आवरणं, पुढचा विचार करणं ही कामं करणारा कपाळामागचा भाग सगळ्यांत शेवटी, पंचविशीच्या आसपास तयार होतो. भावना आणि बक्षिसाची ओढ यांची यंत्रणा मात्र वयात येतानाच जोरात सुरू झालेली असते.

वाचून बरं वाटलं. पण उद्या पाचव्या तासाला मी वर्गात वेगळं काय करू? ज्यांनी काही करून पाहिलं आहे त्यांनी सांगा. 'मुलांना समजून घ्या' एवढ्यावर थांबू नका, ही कळकळीची विनंती.

कृष्णाकाठ

ताई, पहिलं उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. गुण मोठ्याने वाचू नका. पेपर उलटा करून हातात द्या. बाकीचं त्यानंतर.

तात्या_मास्तर

बाई, रागावू नका, पण मला हे पटत नाही. मी 34 वर्षं गणित शिकवलं, त्यातली 11 आश्रमशाळेत. मेंदूचे फोटो आम्ही पाहिले नव्हते, पण कुठल्या पोराला कधी बोलायचं आणि कधी नाही हे कळत होतं. गुण वाचले की पोरं ईर्ष्येने अभ्यासाला लागायची. चाराला चार म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

दुसरं. मेंदू पंचविशीत पिकतो म्हणता. बाप गेल्यावर सोळाव्या वर्षी शेत अंगावर घेतलेली पोरं मी पाहिलीत. आजारी आईचं सगळं करून दहावी पास झालेल्या मुली पाहिल्यात. त्यांचा मेंदू कच्चा होता का?

मज्जारज्जू

तात्यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी पुण्यात लहान मुलांचा मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो.

आधी थोडं मागचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मनोविकारतज्ज्ञ जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्याच मुलांचे एमआरआय काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा काढले. 1999 मध्ये त्यांनी दाखवलं की मेंदूच्या पुढच्या भागातला करडा भाग, म्हणजे चेतापेशी आणि त्यांच्या जोडण्यांचा थर, मुलींत साधारण अकराव्या आणि मुलग्यांत बाराव्या वर्षापर्यंत वाढतो आणि मग कमी होऊ लागतो. तोवर अनेकांची समजूत होती की मोठी घडामोड पहिल्या काही वर्षांतच संपते.

आता तात्यांची सोळा वर्षांची पोरं. शांतपणे, एकट्याने, वेळ घेऊन विचार करायचा असेल तर पंधरा-सोळा वर्षांचं मूल मोठ्या माणसाच्या जवळपास विचार करू शकतं. शेतात काय पेरायचं, आईला औषध कधी द्यायचं, हे त्याला नीट जमतं. गडबड होते ती भावना तापलेल्या असताना, आणि त्यातही बरोबरीची मुलं बघत असताना.

2005 मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. संगणकावर गाडी चालवायची, पिवळा दिवा लागला की थांबायचं की अजून थोडं पुढे जायचं ते आपण ठरवायचं. 13 ते 16, 18 ते 22 आणि 24 च्या पुढचे असे तीन गट होते. एकटे खेळताना तिन्ही गट साधारण सारखेच वागले. दोन मित्र शेजारी बसवल्यावर लहान गटाने सर्वाधिक धोका पत्करला, मोठ्यांवर फारसा परिणाम झाला नाही.

म्हणून त्या मुलाच्या बाबतीत मी 4 या आकड्यापेक्षा मागच्या बाकावरच्या हसण्याकडे जास्त लक्ष देईन. बाईंनी हेच गुण त्याला एकट्याला सांगितले असते तर पेपर फाटला नसता असं मला वाटतं.

एक सावधगिरी. हे सगळे निष्कर्ष पुष्कळ मुलांच्या सरासरीचे आहेत. एका मुलाकडे बघून 'याचा पुढचा भाग अजून तयार नाही' असं कुणीही सांगू शकत नाही, मीही नाही.

शिंपल्यातला

आमच्या चिरंजीवांना मी हे उत्साहाने सांगितलं. वय वर्षं चौदा. दुसऱ्या दिवशी खोली आवर म्हटलं तर म्हणे, "बाबा, माझ्या कपाळामागे बांधकाम सुरू आहे. पंचविसाव्या वर्षी आवरतो."

कृष्णाकाठ

@शिंपल्यातला, त्याला सांगा, बांधकाम चालू असतं तिथला राडारोडा रोजच्या रोज उचलावा लागतो.

तात्या_मास्तर

हेच म्हणतोय मी. पोरं हुशार असतात, सबब लगेच उचलतात.

मज्जारज्जू

तात्या, बरोबर आहे, पण अर्धंच सांगितलं तर सबब होते. छाटणी वापरावर ठरते. जे रोज करशील ते पक्कं होईल, हा त्याचा दुसरा अर्धा भाग. चौदा वर्षांच्या मुलाला हा भाग आधी सांगावा. 'तू अजून तयार नाहीस' यापेक्षा 'तू आत्ता जे करतोस त्यातून तो तयार होतोय' हे ऐकून मूल ताठ बसतं.

आणि नुसतं सांगण्याचाही थोडा उपयोग होतो. 2019 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 12,000 नववीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूची क्षमता सरावाने वाढते एवढंच एका तासाहून कमी वेळात संगणकावर शिकवलं. अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे श्रेणीगुण (जीपीए) सरासरी 0.10 ने वाढले. फरक लहान आहे, त्याला जादू म्हणू नये. पण तासाभराच्या आतल्या कामाचा तो फरक आहे.

निशिगंध_सॅनहोजे

झोपेबद्दल कुणीच कसं बोललं नाही? माझी मुलगी इथे दहावीत आहे. वयात येताना मेलॅटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, रात्री उशिरा वाढू लागतं, म्हणून ही मुलं साडेदहा-अकरापर्यंत झोपू म्हटलं तरी झोपू शकत नाहीत. झोपेच्या संशोधक मेरी कार्सकाडन सत्तरच्या दशकापासून या वयाच्या मुलांची झोप मोजत आल्या आहेत. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते. अकराला झोपून साडेपाचला उठवलं की रोज निदान दीड तास कमीच पडणार.

इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2014 मध्येच सांगितलं होतं की या वयाची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये. कॅलिफोर्नियात 2019 मध्ये कायदा झाला आणि जुलै 2022 पासून, ग्रामीण भाग सोडला तर, हायस्कूल 8:30 च्या आधी भरत नाही.

मी रविवारच्या मराठी शाळेत मोठ्यांचा गट शिकवते. आधी त्यांचा तास दहाला असायचा आणि मुलं भिंतीला टेकून बसायची. आम्ही लहानांचा तास आधी घेतला, मोठ्यांचा साडेअकराला नेला. तीच मुलं, तोच जोडाक्षरांचा पाठ, आता वाद घालतात. मला याचा फार आनंद आहे.

मधली_सुट्टी

आपल्याकडे फेब्रुवारी 2024 मध्ये शासन निर्णय निघाला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत. लहानग्यांसाठी चांगलंच झालं. पण आमच्या शहरातली शाळा दोन सत्रांत चालते, खोल्या तेवढ्याच. लहानांची वेळ पुढे गेली तशी आठवी ते दहावी सकाळी सातवर आली. ज्यांचं शरीर उशिरा झोपतं नेमकी तीच मुलं आता सगळ्यांत लवकर उठतात. पालकसभेत मी हा मुद्दा मांडला तेव्हा उत्तर मिळालं, मोबाइल काढून घ्या, आपोआप झोपतील.

निशिगंध_सॅनहोजे

मोबाइल काढून घ्याच, त्याने फरक पडतो. पण मोबाइल नसलेल्या काळातही ही वेळ पुढे सरकत होती.

लालपरी

सगळं मान्य, पण आमच्याकडे शाळेची वेळ मेंदूवर ठरत नाही, एसटीवर ठरते. मी कोकणात अकरावी-बारावी विज्ञानाला शिकवते. वर्ग 7:20 ला. वाड्यांवरची मुलं 5:45 ची गाडी धरतात, म्हणजे उठतात पावणेपाचला. मुली त्याआधी, कारण पाणी भरून निघायचं असतं. वेळ बदला म्हणावं तर परतीची गाडी चुकते आणि मुलींचं शिक्षणच थांबतं. हा धोका मी घेणार नाही.

मग जे हातात होतं ते केलं. पहिल्या तासाला नवीन काही शिकवत नाही. प्रात्यक्षिक, आकृत्या, गटात गणितं, म्हणजे हात चालतील आणि डोळे उघडे राहतील असं काही. नवीन संकल्पना तिसऱ्या तासाला. चाचणीही तिसऱ्या तासालाच. वेळापत्रक बनवणाऱ्या सरांशी महिनाभर बोलावं लागलं. बाई, तुमच्या 'उद्या काय करू'ला माझं उत्तर हे.

खडूची_धूळ

@लालपरी, असंच हवं होतं. आमची शाळा 10:40 ला भरते, त्यामुळे झोपेचं तेवढं संकट नाही. पण पाचवा तास जेवणानंतरचा, आणि दोन वर्षं मी नेमका त्यातच नवा धडा सुरू करते आहे. वहीत लिहून ठेवलं.

@मज्जारज्जू, हसण्याबद्दल तुम्ही म्हणालात ते डोक्यातून जात नाही.

मांजराकाठ

लातूर. माझा सगळा दिवस 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या मुलांत जातो. दहा-दहा तास बसणारी मुलं आहेत ही, अभ्यास केला नाही असं म्हणताच येत नाही. तरी पेपरात कोरी का राहतात? कारण ती वाचतात. पुन्हा वाचतात. पिवळ्या पेनाने रंगवतात आणि पुन्हा वाचतात. डोळ्यांना ओळखीचं झालं की मनाला वाटतं, आलं.

2006 मध्ये रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 56. हे आकडे मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहितो, कारण त्या 81 मध्येच मुलं फसतात.

वर्गात करायचं एवढंच. तास सुरू झाला की कोरा कागद. काल काय झालं ते पाच मिनिटं आठवून लिहा. वही बंद. गुण नाहीत, मी गोळा करत नाही, शेजाऱ्याला दाखवायचं नाही. मग वही उघडून राहिलेलं दुसऱ्या शाईने लिहा. आठवताना जी ओढाताण होते तीच त्या जोडणीला पक्कं करते. पहिले दोन आठवडे मुलं वैतागतात, कारण आपल्याला किती कमी येतं ते दिसतं. तिथे सोडू नका.

तात्या_मास्तर

मांजराकाठ, यात नवीन काय? आम्ही पाढे म्हणवून घ्यायचो, दिवेलागणीला परवचा व्हायचा. ते न बघता आठवणंच होतं.

मांजराकाठ

तात्या, अगदी तेच! म्हणून तर सांगतोय. घोकंपट्टी नको म्हणता म्हणता आपण आठवून सांगणंही बंद केलं, आणि नुसतं वाचणं शिल्लक राहिलं. फरक एकच आहे, परवचा चुकला की पाठीत धपाटा बसायचा. या वयाच्या मुलाला भीती आणि अपमान यांत आठवत नाही. धपाटा काढा, परवचा ठेवा.

गुलबक्षी

थोडं अवांतर. मुलाच्या शाळेतून चिठ्ठी आली आहे की बोटांचे ठसे घेऊन मेंदूची चाचणी होणार, मूल 'उजव्या मेंदूचं' की 'डाव्या' हे कळणार आणि त्यावरून करिअर सांगणार. साडेतीन हजार रुपये. करावी का?

मज्जारज्जू

नाही. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात आणि नंतर बदलत नाहीत. मेंदू तर आयुष्यभर बदलतो. ठशांवरून बुद्धीचा प्रकार सांगण्याला शास्त्रीय आधार नाही, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही हेच सांगितलं आहे. डाव्या-उजव्या मेंदूची माणसं नसतात, दोन्ही अर्धगोल सगळेच वापरतात. डोळे बांधून वाचायला लावणारे 'मिडब्रेन'चे वर्ग त्याच जातीचे, तिथे मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात.

मेंदूचं नाव घेतलं की पालक पैसे काढतात, याचा मला मनापासून राग येतो. चौदा वर्षांच्या मुलीला 'तू डाव्या मेंदूची, कला तुझ्यासाठी नाही' असं सांगणं म्हणजे जी फांदी अजून फुटायची आहे ती तोडणं. ते पैसे वाचवा आणि मुलाला तासभर उशिरा उठू द्या.

गुलबक्षी

धन्यवाद. चिठ्ठीवर 'संमती नाही' लिहिलं.

उंबरठा

मी वीस वर्षांची आहे, इथे बहुधा सगळ्यांत लहान. एवढी मोठी माणसं आमच्याबद्दल इतकं विचारपूर्वक बोलतायत हे वाचून रडू आलं, म्हणून लिहिते.

मी नववीत असताना बाईंच्या अंगावर ओरडले होते. कारण आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ओरडताना माझाच आवाज मला लांबून येत होता आणि थांबता येत नव्हतं. सगळ्यांनी मला 'का केलंस' विचारलं. वर्गशिक्षकांनी, मुख्याध्यापकांनी, आईने. मला खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हटलं की ते उद्धटपणाचं वाटायचं. मग मी कारणं बनवली.

ज्या बाईंवर ओरडले त्या संध्याकाळी सायकलस्टँडवर आल्या. म्हणाल्या, "उद्या ये. पहिल्या बाकावर बस, मला तुझी मदत लागणार आहे." बस, एवढंच. मी गेले. त्या म्हणाल्या नसत्या तर मी आठवडाभर तरी शाळेत गेले नसते आणि मग कदाचित कधीच गेले नसते. खडूची_धूळ मॅडम, त्याला 'का' विचारू नका. निदान लगेच नको.

कृष्णाकाठ

उंबरठा, तुझं लिहिणं या धाग्यावरचं सगळ्यांत मोलाचं.

तात्या_मास्तर

उंबरठा, पोरी, तुझं वाचून एक आठवलं. आश्रमशाळेत एक मुलगा होता, फळ्यापाशी उभा केला की त्याला साधी बेरीज येत नसे. सगळे हसायचे. रात्री कंदिलापाशी माझ्या शेजारी बसला की अपूर्णांक सोडवायचा. मी तेव्हा समजलो की दिवसा आळस करतो. फळ्यापाशी उभं करणं मी सोडलं नाही. तो आठवीत गळला. डॉक्टरांनी त्या गाडीच्या खेळाचं लिहिलं तेव्हापासून तोच डोळ्यांसमोर येतोय.

खडूची_धूळ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमा असावी.

पालकांना बोलावलं नाही. त्याला शिक्षकखोलीत न बोलावता प्रयोगशाळेत बोलावलं, परीक्षानळ्या धुवायला. 'का' विचारलं नाही. दोघांनी मिळून वीस-बावीस नळ्या धुतल्या. मग तोच बोलायला लागला. म्हणाला, "बाई, मी धडा चार वेळा वाचला होता. सगळं येत होतं. पेपर हातात आला आणि काहीच नव्हतं." मांजराकाठ, तुम्ही लिहिलेलं त्याच्या तोंडून ऐकताना माझ्या हातातली नळी तशीच राहिली. आणि हसणारा त्याचा चुलतभाऊ होता. एकाच घरात राहतात. त्या दिवशी घरी काय काय सांगितलं जाणार हे त्याला वर्गातच दिसलं होतं.

कोरा कागद सुरू केला. पाचव्या तासाला आता नवा धडा नाही. मेंदूचा भाग मी यंदा वेगळा शिकवला. आकृती झाल्यावर सांगितलं की हा मोठ्या माणसाचा आहे, तुमचा आत्ता घडतोय, आणि रोज जे कराल ते त्यात पक्कं होईल. वर्ग इतका शांत झाला की बाहेरचा पंप ऐकू येत होता. एकीने विचारलं, "बाई, मग आमचा आत्ता कुठवर आलाय?" दुसऱ्याने विचारलं, "तुमचा झाला का पूर्ण?" खूप हसलो.

सगळं सुरळीत झालेलं नाही. कोऱ्या कागदावर चार-पाच जण अजून रेघोट्या ओढतात. एकाने गृहपाठ न करण्याला मेंदूचं कारण दिलं, त्याला राडारोड्याचं उत्तर दिलं. गुण मोठ्याने न वाचण्याला दोन सहकाऱ्यांचा विरोध आहे, ते तात्यांसारखंच म्हणतात, ईर्ष्या राहत नाही. त्यांच्याशी बोलणं चालू आहे. आणि त्या मुलाला पुढच्या चाचणीत 20 पैकी 7 मिळाले. पेपर उलटा करून दिला. त्याने कोपरा उचलून बघितला आणि कंपासपेटीखाली ठेवला.

तात्या_मास्तर

बाई, त्या सहकाऱ्यांना माझा नंबर द्या. मी बोलतो.

शिंपल्यातला

आणि तो फाडलेला पेपर? त्याचं काय झालं?

खडूची_धूळ

तो त्याने जपून ठेवला होता. चिकटपट्टी लावून परवा घेऊन आला, म्हणाला, बाई, तिसरा प्रश्न एकदा बघता का. बघितला. उत्तर बरोबर होतं, माझ्याकडून गुण द्यायचे राहिले होते. पाच केले, शेजारी सही केली आणि त्याची माफी मागितली.